एचआयव्ही : औषध विनामूल्य, भीती मात्र चाचणीच्या दाराशी

नवी दिल्ली : एचआयव्हीवरील औषध देशातील सरकारी एआरटी केंद्रांत विनामूल्य मिळते आणि ते परिणामकारकही आहे. धोरणाची खरी अडचण उपचारांच्या आधीच, चाचणीच्या टप्प्यावर सुरू होते.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या म्हणजेच ‘नॅको’च्या २०२३ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे २५ लाख ४४ हजार एचआयव्हीबाधित आहेत. बाधितांपैकी ९५ टक्क्यांना संसर्गाची माहिती असावी, त्यांपैकी ९५ टक्के उपचार घेत असावेत आणि उपचार घेणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांच्या शरीरातील विषाणू नियंत्रणात असावा, असे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट आहे. २०२३-२४ मध्ये भारताचे हे प्रमाण अनुक्रमे ८१, ८८ आणि ९७ टक्के होते. याचाच अर्थ, औषध सुरू झालेल्यांच्या बाबतीत उद्दिष्ट गाठले गेले. परंतु सुमारे पावणेपाच लाख लोकांना आपल्याला संसर्ग झाल्याचेच ठाऊक नव्हते.

चाचणी टाळण्यामागे अज्ञानाबरोबर भीतीही असते आणि ही भीती निराधार नव्हती. देशात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये तत्कालीन मद्रासमध्ये आढळले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९८९ मध्ये, गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला केवळ तो एचआयव्हीबाधित आहे म्हणून गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली ६४ दिवस एकांतवासात डांबण्यात आले. रक्तदान केल्यानंतर त्याचा संसर्ग उघड झाला होता. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली; मात्र न्यायालयाने कायद्यातील अलगीकरणाची तरतूद वैध ठरवली. स्पर्शाने किंवा सहवासाने न पसरणाऱ्या विषाणूसाठी माणसाला कोंडण्याचा हा उपाय लोकांना चाचणीपासून दूर ठेवणाराच होता.

पुढे धोरण बदलले. १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य एआरटी सुरू झाली. प्रारंभी प्रतिकारशक्ती दर्शवणाऱ्या सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेल्यावरच औषध मिळे. २०१७ पासून निदान होताच प्रत्येकाला उपचार देण्याचे धोरण आले. त्यामागील कारण केवळ रुग्णहिताचे नव्हते. नियमित औषधाने रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके कमी राहिले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. म्हणजे उपचार हाच प्रतिबंधही ठरतो.

भीतीला कायद्याने उत्तर दिले ते एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ ने. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या या कायद्यानुसार चाचणीसाठी माहितीपूर्ण संमती आवश्यक आहे आणि बाधिताची ओळख गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. नोकरी, शिक्षण, आरोग्यसेवा व निवास यांत अन्याय्य भेदभावास मनाई आहे. मात्र उपचार पुरवण्याचे सरकारचे कर्तव्य ‘शक्य तितके’ या शब्दांनी सैल झाले आणि त्यावर बाधितांच्या संघटनांनी विधेयकाच्या वेळीच आक्षेप घेतला होता.

देशात प्रौढांमधील संसर्गाचे प्रमाण ०.२० टक्के आहे. मिझोरममध्ये मात्र ते २०२३ मध्ये २.७३ टक्क्यांवर होते. ईशान्येत सुईद्वारे अमली पदार्थ घेणे हे संसर्गाचे एक प्रमुख कारण असल्याने तेथे निर्जंतुक सुयांचे वाटप आणि पर्यायी औषधोपचार यांना विशेष महत्त्व आहे. बाधितांची संख्या सर्वाधिक असलेल्या महाराष्ट्रातील गरज वेगळी आहे. तेथे आयुष्यभराचे औषध अखंड चालू राहणे कळीचे ठरते.

भेदभावाच्या तक्रारींसाठी प्रत्येक राज्यात लोकपाल नेमण्याची तरतूद असून त्याने ३० दिवसांत निर्णय देणे अपेक्षित आहे. तक्रारदाराला न्यायालयात नाव न उघडता दाद मागता येते. १९९७ मध्ये नोकरी नाकारल्या गेलेल्या एका बाधित कामगाराला मुंबई उच्च न्यायालयाने ‘एमएक्स’ या टोपणनावाने लढू दिले होते आणि निकालही त्याच्याच बाजूने दिला होता.