व्याधाचा थोरला जोडीदार

मृग नक्षत्रातल्या त्रिकांड बाणाची रेघ मनातल्या मनात खाली वाढवत नेली, की नजर थेट व्याधावर जाते. रात्रीच्या आकाशातला हा सर्वांत तेजस्वी तारा आपल्यापासून अवघ्या ८.६ प्रकाशवर्षांवर आहे. तिथे तारे मात्र दोन आहेत, आणि माझ्या मते नुसत्या डोळ्यांना न दिसणाराच अधिक मोलाचा.

तो आधी गणितात सापडला. व्याध आकाशात सरळ न सरकता नागमोडी सरकतो, तेव्हा त्याला ओढणारं कुणीतरी असलंच पाहिजे, असं जर्मन खगोलज्ञ बेसेल यांनी १८४४ मध्ये मांडलं. त्यांच्या हयातीत ते कुणाला दिसलं नाही. १८६२ मध्ये अमेरिकेत अल्व्हन ग्रॅहम क्लार्क नव्या साडेअठरा इंची दुर्बिणीची चाचणी घेत होते, तेव्हा व्याधाच्या झगमगाटाला खेटून एक फिकट ठिपका उमटला.

मंद तारा म्हणजे थंड तारा, असा तेव्हाचा समज. १९१५ मध्ये खगोलज्ञ ॲडम्स यांनी त्याचा वर्णपट घेतला, तर तो चांगलाच तप्त निघाला. आजच्या मोजणीत पृष्ठभागाचं तापमान सुमारे २५,००० अंश. एवढा तापलेला असून मंद, म्हणजे आकारानं चिमुकलाच असणार. सूर्याएवढं वस्तुमान पृथ्वीपेक्षाही किंचित लहान गोळ्यात कोंबलेलं! तिथल्या एका घन सेंटिमीटर द्रव्याचं वस्तुमान सरासरी दोन टनांहून जास्त भरतं. अशा ताऱ्याला श्वेत बटू म्हणतात.

मग तो स्वतःच्या भारानं आणखी ढासळत का नाही? दाटीवाटीनं कोंडलेले इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहायला तयार नसतात. यातून उपजणारा त्यांचा दाब ताऱ्याला तोलून धरतो, हे भौतिकशास्त्रज्ञ फाउलर यांनी १९२६ मध्ये दाखवलं. १९३० मध्ये एकोणीस वर्षांचे चंद्रशेखर मुंबईहून बोटीनं इंग्लंडला निघाले आणि प्रवासातच त्यांनी या गणितात सापेक्षता आणली. त्यातून कळलं, की या दाबालाही मर्यादा आहे. सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानापलीकडे तो पुरा पडत नाही.

मुळात हा बटूच या जोडीतला थोरला. सूर्याच्या सुमारे पाचपट वस्तुमानाचा हा तारा इंधन भराभरा जाळत गेला, फुगून तांबडा राक्षसी तारा झाला, बाहेरचे थर त्यानं उधळून दिले आणि सुमारे बारा कोटी वर्षांपूर्वी नुसता गाभा उरला. आज तेजानं मिरवणारा व्याध सूर्याच्या जेमतेम दुप्पट वस्तुमानाचा आहे.

पन्नास वर्षांत दोघे एकमेकांभोवती फेरी पुरी करतात. सध्या ते आपल्याला बऱ्यापैकी लांब दिसतात. हवा स्थिर असेल, तर हौशी निरीक्षकाच्या मोठ्या दुर्बिणीतूनही थोरला वेगळा ओळखता येतो.