क्लच प्लेटीची साक्ष

मोटारीच्या क्लचवर बोलायला आम्ही उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटले असेल. आम्ही इंजिनिअर नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण काही गॅरेजच्या खड्ड्यात आणि काही युनियनच्या कचेरीत झाले. पण ड्रायव्हर मंडळींच्या पगारातून कापलेल्या रकमांचे जे तंटे आमच्यापुढे आले, त्यांत क्लचचे इतके निघाले की, क्लच समजून घेतल्यावाचून गत्यंतरच उरले नाही.

तंटा बहुधा एकाच जातीचा असतो. गाडीला नवा क्लच बसवलेला. तो चांगल्या हाताखाली ६०-७० हजार किलोमीटर सहज जावा. पण तीन महिन्यांत, दहा हजारांच्या आतच, तो बसला. गॅरेजवाला म्हणतो, "तुमचा ड्रायव्हर हाफ क्लचवर गाडी चालवतो." मालकाला हे लगेच पटते, कारण ते पटवून घेण्यात त्याचे पैसे वाचतात. आपल्यापैकी ज्यांच्या दारात स्वतःची गाडी आहे, त्यांनाही हेच वाक्य ऐकावे लागते आणि बिल दुसऱ्यांदा भरावे लागते.

आता हे वाक्य खरे की खोटे, हे कसे ठरवावे? त्यासाठी आधी आत काय चालते ते पाहू. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील नावाचे जड लोखंडी चाक फिरत असते. त्याला बोल्टांनी जखडलेली असते ती प्रेशर प्लेट. या दोहोंच्या मध्ये, दोन्ही अंगांना फेसिंग मारलेली एक पातळ चकती असते. तीच क्लच प्लेट. तिच्या मधल्या दात्यांत गिअरबॉक्सचा शाफ्ट शिरलेला असतो. पाय पेडलवरून काढला की स्प्रिंग चकतीला चेपून धरते आणि सगळे मिळून एकजिवाने फिरते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते, स्प्रिंगला ढकलते आणि पकड सुटते. या दोन अवस्थांच्या मधली जी घसरती अवस्था, तिलाच आपण हाफ क्लच म्हणतो. गाडी जागची उठवताना ती क्षणभर लागतेच. परंतु बोरघाटात पुढची रांग थांबली आणि ब्रेक न लावता कुणी गाडी क्लचवरच तोलून धरली, तर चाके फिरत नाहीत, इंजिन मात्र फिरते. क्लचपर्यंत आलेली सारी शक्ती उष्णता होऊन त्या फेसिंगमध्ये आणि लोखंडात जिरते. गॅरेजवाल्याचे वाक्य खोटेच असते, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

गाडी उघडण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, रोग कोणता ते पाहावे. गिअर खरखरत पडत असेल, तर क्लच घसरत नाही, तो सुटत नाही. चकती उलटी बसली असेल, तेलाच्या नळीत हवा असेल किंवा गिअरबॉक्स चढवताना त्याचा भार चकतीवर लोंबकळून ती वाकली असेल. हे ड्रायव्हरच्या पायाने होत नाही. घसरण्याची शंका असेल तर चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक घट्ट ओढावा, पुढे कुणाला उभे राहू देऊ नये आणि तिसऱ्या गिअरमध्ये पेडल हळूहळू सोडावे. इंजिन बंद पडले तर क्लच धरतो आहे; फिरतच राहिले तर घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच घ्यावी, नाहीतर परीक्षेनेच क्लच जळायचा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. केबलच्या गाडीत पेडल दाबताना प्रथम थोडे मोकळे जाते, मग वजन लागते. हा मोकळा खेळ किती असावा ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. तो मोजून कागदावर लिहून ठेवावा. कारण पुढे येईल.

मग गाडी उघडली की जुनी प्लेट भंगारात जाऊ देऊ नये. आमच्या एका सभासदाची हकीगत सांगतो. भाड्याच्या गाड्या चालवणाऱ्या एका मालकाकडे तो कामाला होता. नऊ हजार किलोमीटरांत क्लच गेला आणि सारा खर्च पगारातून हप्त्यांनी कापायचे ठरले. आम्ही गॅरेजमध्ये जाऊन भंगारातून ती प्लेट शोधून काढली. हाफ क्लचने झिजलेल्या प्लेटीचे फेसिंग दोन्ही अंगांनी रिवेटांपर्यंत उतरते. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट तापून निळ्या पडतात. या प्लेटीचे फेसिंग जवळजवळ नव्याइतके जाड होते! रिवेट खोल होते, पृष्ठभाग मात्र काळा आणि काचेसारखा गुळगुळीत. खाली पडून पाहिले तर क्लचच्या घराच्या तळाशी तेल. इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून ते झिरपत होते. तेलकट फेसिंग धरणार कसे? त्यावर कुणाचाही पाय असता तरी हेच झाले असते.

फिटर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, गिअरबॉक्स खाली होता तेव्हाच मी सील बदला म्हणालो होतो. शेट नको म्हणाले." सील ही त्या साऱ्या कामात स्वस्तातली वस्तू. फिटरही कामगारच, त्याचे नाव आम्ही कुठे घेतले नाही. प्लेट मालकाच्या टेबलावर ठेवली आणि कपात रद्द झाली.

येथे एक सांगितले पाहिजे. घरातली काळी धूळ तोंडाने फुंकू नये किंवा हवेच्या नळीने उडवू नये; ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या फेसिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि त्याने फुप्फुसे कायमची निकामी होतात. प्लेट बदलता येते.

दुसरी हकीगत आमच्या हरण्याची. तिथे फेसिंग रिवेटांपर्यंत उतरलेले, लोखंड निळे, तेलाचा थेंब नाही. पेडलवर पाय ठेवून चालवल्याची ही खूण. पण केबल जास्त ताणलेली असेल आणि मोकळा खेळच उरला नसेल, तरी बेअरिंग स्प्रिंगला सतत रेटत राहते, पकड ढिली पडते आणि अगदी हीच खूण उमटते. शिवाय फेसिंग झिजते तसा हा खेळ आणखी कमी होतो. म्हणजे झिजेतून घसरण आणि घसरणीतून झीज. दोन निराळे गुन्हेगार, पण ठसे एकच! फरक सांगणार तो फक्त गाडी उघडण्यापूर्वीचा खेळ. तो कुणी मोजला नव्हता. तिसरी प्लेट बसवताना केबल नव्याने लावली गेली आणि पुरावा तिथेच संपला. पगारकपातीपूर्वी कामगाराला बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे आणि नुकसान थेट त्याच्याच निष्काळजीपणाने झालेले असले पाहिजे, हे १९३६ च्या वेतन कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. संधी त्याला मिळाली. मांडायला मात्र हाती काही नव्हते. तो खरोखर पाय ठेवून चालवत होता की नाही, हे आम्ही आजही सांगू शकत नाही. त्याने पैसे भरले.

तेव्हापासून आमच्या कचेरीत ड्रायव्हरांसाठी एक वही ठेवलेली आहे. गाडी गॅरेजला जाण्यापूर्वी पेडलचा खेळ किती मिलिमीटर, तारीख, किलोमीटर आणि सही. नवी प्लेट बसली की पुन्हा तेच. जुनी प्लेट गोणपाटात बांधून परत मागायची. ती देताना कुणी कुरकुर केली तर तेही वहीत लिहायचे.