धुराड्याची झडप

कोल्हापुरांत घरोघरीं गॅस आला, तरी जुन्या वाड्यांत न्हाणीचें पाणी तापविण्यासाठीं परसांतील चूल अद्यापि पेटते. तिला धुराडें बसविलें कीं काम संपलें, असा समज आढळतो. आमचाही तोच होता. धूर गेला खरा. परंतु लांकूड भराभर जळूं लागलें व पाणी मात्र लवकर तापेना.

कारण साधें आहे. उष्ण वायु हलका होऊन नळींतून वर चढतो व मागून थंड हवा ओढून घेतो. नळी उंच असली कीं ही ओढ वाढते आणि भांड्याची ऊब आकाशास मिळते. काउंट रम्फर्ड यानें १७९६ सालीं धुराड्याचा घसा अरुंद करण्याचा उपाय सांगितला, तो याच कारणासाठीं. झडप हा तसाच, पण हवा तेव्हां उघडतां येणारा घसा होय.

नळीच्या व्यासाहून किंचित् लहान अशी लोखंडी पत्र्याची वाटोळी चकती घ्यावी. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तापून अपायकारक धूर सोडतो, तो नको. हात पोहोंचेल अशा उंचीवर नळीस समोरासमोर दोन भोकें पाडून सळई ओवावी व चकती तिला पक्की जोडावी. सळईची मूठ चकतीशीं समांतर ठेवावी, म्हणजे आंतील स्थिति बाहेरून कळते. चूल पेटवितांना व लांकूड सारतांना झडप पूर्ण उघडी असावी. जाळ स्थिरावल्यावर अर्धी लावावी. धूर उलटतांच पुन्हां उघडावी.

येथें आमची चूक सांगणें अवश्य आहे. एका पावसाळी रात्रीं निखारे टिकावेत म्हणून आम्हीं झडप घट्ट लावली. पहांटे लगतच्या खोलींत निजलेल्या थोरल्या वहिनींचें डोकें जड झालें, ओकारी आली. दारें उघडून त्यांस अंगणांत आणलें, डॉक्टरांस बोलाविलें, व त्या बऱ्या झाल्या. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांत प्राणवायूची जागा बळकावितो. जेथें धूर तेथें अग्नि, हें तर्कशास्त्र आम्ही जन्मभर शिकविलें. धुरावांचूनही अग्नि घात करतो, हें त्या पहांटे शिकलों.

त्याच दिवशीं चकतीचा चतुर्थांश भाग कापून टाकला. आतां झडप कोणींही कितीही लावली, तरी वाट पूर्ण बंद होत नाहीं. ज्यांच्या घरीं झडप आहे, त्यांनीं ती आजच काढून पाहावी.