नऊ, दहा, अकरा

पहाटे सहाच्या सुमाराला कल्याण स्टेशनात लगेजच्या डब्याशी उभं राहावं. भाजीची गाठोडी, दुधाचे कॅन, आणि मधेच बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा, खांद्याइतकी उंच किटबॅग दोन्ही गुडघ्यांत धरून. बॅगेची चेन तुटलेली, तिच्या जागी बुटाची नाडी. डोंबिवलीला गर्दी आत शिरली तसा त्याने बॅगेला कवेत घेतलं. कुणाचा पाय बॅटच्या दांड्याला लागू नये, एवढीच त्याची काळजी. ठाण्याला अशाच आणखी दोन बॅगा चढल्या.

मुंबईने २०२३-२४ चा रणजी करंडक जिंकला, त्या हंगामावर लिहायचं ठरलं तेव्हा संपादकांना वानखेडे हवं होतं. मला मात्र हा डबा आधी दिसला. मुंबईच्या रणजी संघाची हद्द मुलुंड-दहिसरच्या नाक्यावर संपत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली, पालघरची मुलंही मुंबईकडूनच खेळतात. त्या हंगामाचा कर्णधार अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढलेला, तुषार देशपांडे कल्याणचा. शार्दूल ठाकूर पालघरचा. पालघर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं.

प्रशिक्षक नवा होता. अमोल मुजुमदार यांच्यानंतर सूत्रं ओंकार साळवी यांच्याकडे आली. स्वतः फार खेळायला न मिळालेला, गोलंदाजी शिकवण्यात नाव कमावलेला माणूस. त्याआधीच्या दोन हंगामांची सल ताजी होती: २०२२ च्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशकडून हार, आणि पुढच्या वर्षी बाद फेरीच हुकलेली. करंडक घरी येऊन आठ वर्षं होत आली होती. गोलंदाजीच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली गोलंदाज चमकले यात नवल नाही; मोहित अवस्थीने त्या हंगामात ३५ बळी घेतले. पण मी अडकून पडलो ते याच गोलंदाजांच्या बॅटिंगपाशी.

तुषारने लहानपणीची एक आठवण मुलाखतीत सांगितली आहे. वडिलांबरोबर तो कल्याणहून शिवाजी पार्कला निवड चाचणीला गेला. पॅड बांधून उभ्या फलंदाजांची रांग लांबलचक, गोलंदाजांची आखूड. परतीची गाडीही गाठायची होती. तो आखूड रांगेत जाऊन उभा राहिला आणि गोलंदाज झाला. हे वाचल्यावर मी बराच वेळ थांबलो. एका मुलाचं क्रिकेटमधलं काम ठरवण्यात लोकलच्या वेळेचाही हात असावा, हे कल्याणकराला समजावून सांगावं लागत नाही.

आता मंगळवार, २७ फेब्रुवारी २०२४. वांद्रे-कुर्ला संकुलातलं मैदान, बडोद्याविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना. मुशीर खानच्या नाबाद द्विशतकामुळे मुंबईकडे पहिल्या डावाची आघाडी होती. दुसऱ्या डावात आदल्या दिवशी ९ बाद ३३७ झाले होते आणि दहाव्या क्रमांकावरच्या तनुष कोटियनला साथ द्यायला तुषार अकरावा आला. अशा वेळी प्रेक्षक चहाला उठतात. इथे दोघांनी २३२ धावा जोडल्या. कोटियन नाबाद १२०, देशपांडे १२३. दोघांचंही प्रथम श्रेणीतलं हे पहिलंच शतक. शेवटच्या जोडीचा रणजीतला विक्रम दिल्लीच्या अजय शर्मा आणि मनिंदर सिंग यांचा, २३३. तो एका धावेने राहिला. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावरच्या दोघांनी एकाच डावात शतक करण्याची ही प्रथम श्रेणी क्रिकेटमधली दुसरीच वेळ. पहिली १९४६ सालची, ओव्हलवर सरेविरुद्ध. तेव्हा चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी होते.

यानंतर पाचव्या दिवशी त्याच मैदानावर, उपांत्य सामन्यात तामिळनाडूविरुद्ध ७ बाद १०६ अशी अवस्था असताना नवव्या क्रमांकावरच्या शार्दूलने १०९ केल्या. त्याचंही पहिलंच प्रथम श्रेणी शतक. कोटियन पुन्हा नाबाद, ८९. मुंबई डाव आणि ७० धावांनी जिंकली. नऊ, दहा आणि अकरा: तिघांची पहिली शतकं एका आठवड्यात. मुंबईच्या खडूसपणाच्या, म्हणजे सहजी हार न मानण्याच्या, गोष्टी लहानपणापासून ऐकतो; त्या बहुतेक वरच्या फळीच्या असतात. हा खडूसपणा तळाचा होता, म्हणून मला तो जास्त मोलाचा वाटतो.

अंतिम सामना विदर्भाशी. शार्दूलच्या ७५ धावांनी पहिला डाव कसाबसा २२४ पर्यंत पोचला. दुसऱ्या डावात मुशीरने १३६ केल्या आणि हंगामभर धावांसाठी झगडलेल्या रहाणेने ७३. विदर्भानेही ५३८ चा पाठलाग करताना ३६८ पर्यंत झुंज दिली. मुंबई १६९ धावांनी जिंकली आणि ४२ वा करंडक आला.

पण उपांत्य सामना जिंकल्यावर शार्दूल जे बोलला तेही विसरता कामा नये. दोन सामन्यांमध्ये तीनच दिवसांची उसंत, असं दहा सामने चाललं तर वेगवान गोलंदाजांची शरीरं मोडतील, असं त्याने उघड सांगितलं. पुढच्या हंगामात रणजी दोन टप्प्यांत विभागली गेली. मोठ्यांचं गाऱ्हाणं निदान कानावर तरी घेतलं जातं.

लगेजच्या डब्यातल्या मुलाचं कोण ऐकणार? आमच्याकडची मैदानं आज प्रदर्शनाला, उद्या मेळाव्याला जातात. मांडव उतरला की खांबांचे खड्डे आणि खिळे उरतात. तिथे चेंडू कसा उसळेल याचा नेम नाही, म्हणून पालक मुलांना दादर-चर्चगेटकडे धाडतात. कल्याण ते दादर फास्ट गाडीने तासाभराचं अंतर, एकीकडचं. शाळा बुडते, जेवण गाडीत होतं. रहाणेला लहानपणी मैदानावर पोचवायला त्याची आई किटबॅग उचलून मैलोगणती चालत असे, हे आपण कौतुकाने सांगतो. मला मात्र ते ऐकून काळजी वाटते. तीस वर्षांनीही तीच आई, तीच बॅग, फक्त गर्दी वाढलेली. अशी किती मुलं दोन-तीन वर्षांत थकून बॅग माळ्यावर टाकत असतील, त्यांचा धावफलक कुठेच नसतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये रहाणेने मुंबईचं कर्णधारपद सोडलं आणि ते शार्दूलकडे आलं. डोंबिवलीकडून पालघरकडे.

तो पहाटेचा मुलगा मला संध्याकाळी दादरला पुन्हा दिसला. गुडघ्याला माती, हातात वडापाव. गोलंदाज आहेस की फलंदाज, विचारलं. “बॉलर,” तो म्हणाला, “पण पॅड माझे स्वतःचे आहेत,” आणि त्याने बॅगेवर थाप मारली. कल्याण फास्ट आली. लगेजच्या डब्यात ऑफिसची माणसं दारापर्यंत लोंबकळत होती. आत शिरायला जागा नाही हे बघून त्याने बॅग खांबाला टेकवली आणि उरलेला वडापाव खाऊ लागला. पुढचीही त्याने सोडली. तिसरी स्लो होती. ती कल्याणला पोचायला आणखी वेळ लागणार होता, पण डब्यात बॅग उभी करण्याइतकी जागा होती.