काचेच्या पेटीतले बाळ आणि आईची ऊब

आमच्या गल्लीतील एका भगिनीला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. बाळ जेमतेम सव्वा किलोचे. कोल्हापुरातील एका रुग्णालयात त्याला काचेच्या पेटीत ठेवले होते. आम्ही भेटायला गेलो, तर ती माउली बाहेर फरशीवर बसलेली. म्हणाली, "दादा, माझं आत काय काम? मशीन हाय की." तिचे हे बोलणे आमच्या मनाला लागून राहिले.

37 आठवडे भरण्याआधी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे समजतात. ज्या दिवसांत त्याने पोटातल्या अंधारात, उबेत राहायचे, त्या दिवसांत त्याच्या वाट्याला लख्ख उजेड, यंत्रांचे आवाज आणि सुया येतात. त्याचा मेंदू अजून घडत असतो. दचकले की श्वास आणि हृदयाचे ठोके बिघडतात, वाढीला लागणारी शक्ती वाया जाते. म्हणून पेटीवर कापड टाकणे, हळू बोलणे, दार न आपटणे, कापडाच्या गुंडाळीचे घरटे करून हातपाय पोटाशी दुमडून ठेवणे, हीसुद्धा औषधाइतकीच महत्त्वाची शुश्रूषा होय.

पण सर्वांत मोठा आधार आईच्या अंगाचा. 1978 साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात पेट्या कमी आणि बाळे जास्त, अशी अडचण होती. तेथील डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. कांगारू पिलाला पोटाच्या पिशवीत सांभाळते, म्हणून या पद्धतीला 'कांगारू माता संगोपन' म्हणतात. पुढे भारतासह पाच देशांत 1 ते 1.8 किलोच्या बाळांवर अभ्यास झाला. तो 2021 साली प्रसिद्ध झाला. बाळ स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मापासूनच छातीशी धरले, तर मृत्यू सुमारे चौथ्या हिश्शाने कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2022 साली तशी शिफारस केली.

पद्धत सोपी आहे. बाळाला फक्त टोपडे, मोजे व लंगोट. आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे ठेवायचे, मान एका बाजूला वळवायची, नाक-तोंड मोकळे ठेवायचे, वरून मऊ कापड बांधायचे. दिवसातून निदान आठ तास, जमेल तितके जास्त. आई थकली तर वडील किंवा आजीनेही छातीशी घ्यावे. त्यात कमीपणा कसला?

बाळाला ओढता येत नसेल, तर आईने दूध काढून द्यावे, ते नळीने देता येते. दूध कमी पडल्यास दूधपेढीचा आधार असतो. आशियातील पहिली दूधपेढी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू केली.

रोजंदारीवरच्या घराला दवाखाना म्हटले की धडकी भरते. परंतु 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे व ने-आण मोफत आहे. हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे. आणि "सिस्टर, बाळाला छातीशी कधी घेऊ?" हेही न भिता विचारावे. घरी सोडताना डोळ्यांचा पडदा कधी तपासायचा तेही विचारावे, कारण या बाळांच्या दृष्टीला धोका असतो.

आम्ही त्या भगिनीला तेव्हा एवढेच सांगितले, "ताई, आत जाऊन विचार." ती गेली. सिस्टरांनी हात धुवायला लावून बाळ तिच्या छातीवर ठेवले. परवा बारशाचे पेढे द्यायला ती आमच्या दारात आली, बाळ कडेवर.