पोलीसपटातील नावे आणि आवाज : ‘अर्धसत्य’च्या निमित्ताने

एखाद्या चित्रपटात किती जातिधर्मांची माणसे दिसतात, यावरून त्यातील प्रतिनिधित्व मोजण्याची प्रथा अलीकडे रूढ झाली आहे. ही मोजदाद कोठे अपुरी पडते, हे पाहावयाचे असेल तर गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ (१९८३) पाहावा.

या चित्रपटाचे कुळच संमिश्र आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर विजय तेंडुलकरांनी पटकथा रचली. हिंदी संवाद वसंत देव यांचे. दिग्दर्शक कराचीत जन्मलेले. फौजदार अनंत वेलणकरची भूमिका पंजाबी ओम पुरी यांनी केली. उलट, दाक्षिणात्य आडनावाचा गुंड रामा शेट्टी मराठी रंगभूमीवरील सदाशिव अमरापूरकरांनी उभा केला. वेलणकर, गोखले ही आडनावे मराठी प्रेक्षकाला जे सांगून जातात, ते हिंदी प्रेक्षकाला सांगत नाहीत. चित्रपट त्यांची जात उच्चारीत नाही.

पोलीस खात्यातही हैदर अली आहे, माइक लोबो आहे. व्यावसायिक हिंदी चित्रपटात अशी नावे राष्ट्रीय ऐक्याच्या पाटीसारखी येतात. येथे तसे होत नाही. हैदर अली (शफी इनामदार) हा व्यवस्थेच्या वाटा ओळखून असलेला सहकारी आहे आणि त्याच्या शहाणपणाचा त्याच्या धर्माशी काही संबंध नाही. लोबोविषयी मात्र शंका राहते. मद्यपी ख्रिस्ती हा हिंदी चित्रपटाचा फार जुना साचा. नसीरुद्दीन शाह यांचा लोबो हा निलंबित अधिकारी आणि म्हणून वेलणकरच्या संभाव्य भवितव्याची छाया आहे हे खरे. तरी साचा पुरता मोडला, असे म्हणवत नाही.

परंतु खरा प्रश्न कोठडीत आहे. अपमानाने पेटलेला वेलणकर एका क्षुल्लक चोराला इतके मारतो, की तो मरतो. गुन्हा काय, तर ट्रान्झिस्टरची चोरी. वेलणकरचे बालपण, हवालदार बापाचा धाक, आईला होणारी मारहाण, प्राध्यापिका ज्योत्स्नाशी (स्मिता पाटील) आलेला दुरावा, हे सारे आपल्याला ठाऊक असते. मेलेल्याचे मात्र नावही स्मरणात राहत नाही. त्याचा मृत्यू ही वेलणकरच्या शोकांतिकेची एक पायरी ठरते. दिलीप चित्रे यांची कवितादेखील चित्रपटात वेलणकरच्याच वाट्याला येते.

रायपुरात राहणाऱ्या मराठी प्रेक्षकाला ही उणीव चटकन जाणवावी. या राज्यात ठाण्याचा कारभार हिंदीत चालतो आणि फिर्यादी किंवा आरोपी पुष्कळदा छत्तीसगढी, हलबी किंवा गोंडी बोलणारा असतो. निहलानींना हा प्रश्न अपरिचित होता, असे नाही. ‘आक्रोश’ (१९८०) मध्ये त्यांनी आदिवासी लहाण्या भिकूला जवळजवळ पूर्ण मूक ठेवले, आणि ते मौनच आरोपपत्र झाले. त्या चित्रपटाचे संवाद लिहिणारे सत्यदेव दुबे छत्तीसगढातील बिलासपूरचे होते, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे.

पुढे अमित मसुरकर यांच्या ‘न्यूटन’ (२०१७) मध्ये, दल्ली राजहरा परिसरातील जंगलात, हे मौन काहीसे सुटते. अंजली पाटील यांची मलको गोंडी जाणते. मतदान अधिकाऱ्याला मतदारांशी बोलण्यासाठी तिचा आधार घ्यावा लागतो. बंदूकधारी अधिकारी आत्मासिंह मात्र हिंदीतच हुकूम सोडतो.