लोकसंख्येची भीती : एक हिशेब

आग्रा-मुंबई मार्गावरील आपल्या धामनोदच्या मंडीत ज्याने चार हंगाम पाहिले आहेत, तो एका वर्षाची आवक पाहून दहा वर्षांचा भाव सांगत नाही. माणसांच्या संख्येविषयी भाकिते करताना मात्र मोठमोठ्या विद्वानांनाही हे भान राहिले नाही.

१७९८ साली माल्थस या इंग्रज पाद्र्याने असे मांडले की, लोकसंख्या चक्रवाढ व्याजाप्रमाणे वाढते व अन्न सरळ व्याजाप्रमाणे. दोहोंतील तूट अखेर दुष्काळ व रोगराई यांनीच भरून निघते. १९६१ साली आपण सुमारे ४४ कोटी होतो. १९६५ व १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला आणि अमेरिकन गव्हाच्या जहाजांची वाट पाहण्याची पाळी देशावर आली. १९६८ साली पॉल एर्लिक या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने तर, पुढील दशकात कोट्यवधी माणसे उपासमारीने मरतील, असा ग्रंथच लिहिला. भारत त्याच्या लेखी जवळजवळ बुडीत खात्यात जमा होता.

वस्तुतः १९६४-६५ साली देशात सव्वा कोटी टनांच्या आसपास गहू पिकला होता. २०२२-२३ मध्ये तो अकरा कोटी टनांच्या घरात गेला. माणसे तिप्पट झाली, गहू नऊपट. बुटक्या जातीचे बियाणे, खत व नलकूप यांची ही करामत. (पंजाबातील भूजल त्यापायी किती खोल गेले, तो खर्चही याच खात्यावर मांडला पाहिजे.)

व्यापाऱ्यांना रुचेल अशी एक हकीकत येथे सांगतो. १९८० साली ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने एर्लिकशी पैज लावली : तांबे, कथील आदी पाच धातू दहा वर्षांत महागतील की स्वस्त होतील? धातू स्वस्त झाले व १९९० साली एर्लिकने ५७६ डॉलरचा धनादेश निमूटपणे पाठविला. अर्थात दशक दुसरे निवडले असते तर वायदा उलटलाही असता.

दुसरी चूक अधिक मोठी. स्त्रिया सदैव तितकीच मुले प्रसवतील, असे गृहीत धरले गेले. १९५१ च्या सुमारास दर स्त्रीमागे सरासरी सहा मुले होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत हा आकडा २.० वर आला, मध्यप्रदेशातही तितकाच. मुलींचे शिक्षण, उशिरा विवाह, जगणारी बालके व संततिनियमनाची साधने यांनी हे घडविले. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, ते मुख्यतः स्त्रीच्या आरोग्याची व इच्छेची बाजू घेऊन. त्यांना उपहास व खटलेच वाट्यास आले. उलट भीतीपोटी १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील कित्येक जबरदस्तीने. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीचे विधेयकच संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही.

आता आपल्या समाजाची वही उघडू. २००१ ते २०११ या दशकात देशाची लोकसंख्या १७.७ टक्क्यांनी वाढली; जैनांची अवघी ५.४ टक्क्यांनी. पेढीवर पुढे कोण बसणार, ही चिंता त्यामुळे घरोघरी ऐकू येते. परंतु त्याच २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील जैन बालकांत दर हजार मुलग्यांमागे ८८९ मुली होत्या. कुटुंब लहान ठेवण्यात आपण पुढारलो. कोणते मूल ठेवावे, हेही कित्येक घरांनी ठरविले.